पहिला दोर कोण बांधतो?

माझं संशोधन नेमकं कशावर आहे हे घरी समजावून सांगायला मला दोन वर्षं लागली. एमएस्सी फिजिक्समध्ये, पीएचडी तंत्रज्ञानाच्या इतिहासात, आणि विषय काय तर पश्चिम किनाऱ्यावर जहाज धक्क्याला लावण्याची पद्धत कशी बदलत गेली. जालना जिल्ह्यातल्या माणसाला हे ऐकून हसू येणारच. आमच्याकडे समुद्र नाही. जेएनपीएच्या ड्राय पोर्टमुळे अलीकडे 'बंदर' हा शब्द जालन्यात ऐकू येतो, पण तिथं पाण्याचा थेंब नाही, कंटेनर आणि रेल्वेचे रूळ आहेत.

मागच्या दिवाळीत वडिलांना 'म्हादेई'ची गोष्ट सांगत होते. भारतीय नौदलाची ५६ फुटी शिडाची नौका, आणि तिच्यावर एकच माणूस, पृथ्वीला फेरी मारून आलेला. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. वादळाबद्दल काही विचारलं नाही, लाटांबद्दल नाही. शेतकऱ्याच्या डोक्यात आला तो प्रश्न वेगळाच होता: "तो एकटाच होता म्हणतेस, मग बंदरात आल्यावर दोर घेऊन खाली कोण उतरलं? आणि तोवर नाव कोणी धरली?"

आमच्या सरांनी दोन वर्षांत इतका नेमका प्रश्न विचारला नव्हता. (सर ही पोस्ट वाचतात. त्यांना हे माहीत आहे.)

उत्तराची सुरुवात आमच्याच जिल्ह्यातून करता येते. भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. सांची आणि भरहूतच्या स्तूपांवर दान देणाऱ्यांच्या लेखांत या गावाचं नाव येतं. १९७३ मध्ये इथं उत्खनन झालं तेव्हा हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती सापडली. इटलीत पाँपेईच्या राखेखाली मिळालेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तिचं इतकं साम्य आहे की दोन्हींचा अभ्यास एकत्र केला जातो. पाँपेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीखाली गाडलं गेलं. म्हणजे त्या आधी दख्खनमधल्या अशा वस्तू जहाजात बसून रोमच्या साम्राज्यात पोचत होत्या.

त्या जायच्या भडोचवरून. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनाम ग्रीक माणसाने लिहिलेलं 'पेरिप्लस' नावाचं छोटं पुस्तक आहे. व्यापाऱ्यांसाठी लिहिलेलं मार्गदर्शकच म्हणा ना. त्यात म्हटलंय की पैठण हे भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर, आणि तेर तिथून पूर्वेला दहा दिवसांवर. या गावांहून माल गाड्यांतून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला यायचा. आणि याच पुस्तकात, भडोचला जहाज आत कसं न्यायचं, याचं वर्णन आहे. जहाज धक्क्यापर्यंत नेण्याचं इतकं तपशीलवार जुनं वर्णन माझ्या वाचनात दुसरं आलेलं नाही. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्या रात्री दुसरं काही वाचलंच नाही.

अडचण अशी होती: खंभातचं आखात अरुंद, आत उथळ वाळूचे दांडे, आणि भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्याही वर जाऊ शकतो. पेरिप्लसकार सांगतो की ओहोटीला तळ उघडा पडतो आणि भरती आली की समुद्र गर्जना करत नदीत उलटा शिरतो. बेसावध जहाजं आडवी होतात. म्हणून तिथल्या राजाने कोळी नोकरीला ठेवले होते. ते मोठ्या, भरपूर वल्हेकरी असलेल्या होड्या घेऊन आखाताच्या तोंडापाशी, अगदी सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत पुढे जाऊन थांबायचे. परदेशी जहाज दिसलं की त्याला गाठायचं, दोर लावायचा आणि वल्ही मारत ओढत न्यायचं. भरती सुरू होताना पुढे सरकायचं, ओहोटी लागली की नदीतल्या ठरलेल्या खोल डोहात नांगर टाकून पडून राहायचं. पुन्हा भरती, पुन्हा पुढे. नदीच्या मुखापासून भडोच ३०० स्टेडिया, म्हणजे साधारण ५५ किलोमीटर आत.

म्हणजे अरबी समुद्र पार करून आलेलं जहाज शेवटचे ५५ किलोमीटर स्वतःहून येतच नव्हतं. त्याला आणलं जायचं. त्या होड्यांच्या प्रकारांची नावं पुस्तकात आहेत, त्राप्पागा आणि कोटिंबा. वल्हेकऱ्यांचं नाव एकही नाही.

आता थोडं फिजिक्स. घाबरू नका, आठवीपुरतं आहे.

जहाजाला ब्रेक नसतो. गाडी रस्त्याला घासून थांबते, नौका पाण्याला घासून थांबते, आणि पाणी फार निसरडं आहे. 'म्हादेई'चं वजन सुमारे २३ टन. ती ताशी १ सागरी मैलाने, म्हणजे १ नॉटने चालली असेल (आपल्या रमतगमत चालण्याहूनही हळू), तर तिच्यात साधारण ३,००० ज्यूल ऊर्जा असते. तीच ३ नॉटने आली तर २७,००० ज्यूल. वेग तिप्पट, ऊर्जा नऊपट. ही नौका तिच्या साधारण अर्ध्या लांबीत, म्हणजे ८ मीटरमध्ये थांबवायची असेल, तर पहिल्या वेळी दोरावर सरासरी ३८-४० किलोचा ताण येतो. दुसऱ्या वेळी साडेतीनशे किलोचा. पहिलं काम एक माणूस करू शकतो. दुसरं काम माणसाला धक्क्यावरून खाली ओढून नेतं.

मग हळूच यावं की! इथंच मेख आहे. सुकाणू चालतं ते त्याच्यावरून पाणी वाहतं म्हणून. सुकाणूचा जोरही वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. ३ नॉटला जो जोर आहे त्याचा नववा हिस्सा १ नॉटला उरतो. थांबता यावं म्हणून वेग कमी केला की नौका ऐकेनाशी होते, आणि ऐकावी म्हणून वेग ठेवला की थांबत नाही.

त्यात वारा. नौकेची पाण्यावरची बाजू, डोलकाठी, गुंडाळलेली शिडं असं सगळं मिळून मी वाऱ्याला आडवं येणारं क्षेत्र ३० चौरस मीटर धरलं. हा माझा अंदाज आहे, पण फार चुकीचा नसावा. १० नॉटचा वारा आडवा लागला तर नौका बाजूला ढकलणारा जोर येतो साधारण ४५ किलो. वारा २० नॉट झाला तर १८०. समुद्रावर २० नॉट म्हणजे काही वादळ नव्हे, रोजचा वारा आहे. मोकळ्या समुद्रात हा जोर काही बिघडवत नाही, इकडे-तिकडे मैल पडलेले असतात. बंदरात दोन नौकांच्या मधली जागा तुमच्या नौकेच्या लांबीपेक्षा दोन-तीन मीटर जास्त असेल, तर हाच जोर सगळं ठरवतो.

हे गणित इंजिनाच्या आधीच्या काळात कुणी मांडलं नसेल, पण माहीत सगळ्यांना होतं. त्यामुळे जुन्या काळी शिडाचं मोठं जहाज सहसा धक्क्याला लावायचेच नाहीत. आपल्याला सिनेमात दिसतं तसं शिडं फुगवून धक्क्याला येणं म्हणजे जहाज फोडण्याचा खात्रीचा मार्ग. जहाज बाहेर नांगरायचं आणि माल मचव्यांनी, पडावांनी काठाला आणायचा. कोकणातल्या खाड्यांत तर लहान गलबतं भरतीला आत शिरायची, ओहोटी लागली की चिखलात बसायची. चिखल हाच धक्का. समुद्राने उचलून आत ठेवायचं, समुद्रानेच उतरवायचं. माणसाने फक्त वेळ पाळायची.

मराठ्यांच्या आरमाराबद्दल आपण लढाया वाचतो. मला त्यातली एक गोष्ट लढाईपेक्षा मोलाची वाटते. अठराव्या शतकातला इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म लिहितो की गुराबं जास्तीत जास्त ३०० टनांपर्यंतची, तोफांची जहाजं. गलबतं त्याहून लहान, क्वचितच ७० टनांवर, पण त्यांना ४०-५० वल्ही. वारा पडला की गलबतं गुराबांना दोर लावून ओढत नेत. त्याने हे लढाईच्या संदर्भात लिहिलंय. पण जी व्यवस्था शत्रूच्या मागे ओढत नेते तीच व्यवस्था खाडीच्या अरुंद तोंडातून आतही आणू शकते. भडोचच्या कोळ्यांची रीत आणि आंग्र्यांच्या आरमाराची रीत यांत सतराशे वर्षांचं अंतर आहे आणि फरक जवळपास काहीच नाही. विजयदुर्गाजवळ गिर्ये इथं खाडीच्या काठी, काही भाग खडकात कोरून केलेली मराठ्यांची गोदी आजही बघता येते. तिथंही जहाज आत घ्यायचं ते भरतीला. गोदी कोरणाऱ्याने समुद्राला कामावर ठेवलं होतं, असं मी वर्गात म्हणते तेव्हा मुलं हसतात, पण आहे खरंच तसं.

मुंबईत चित्र बदललं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. १८७५ मध्ये ससून डॉक, १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक. उधाणाच्या दिवशी मुंबईचं पाणी चार-साडेचार मीटर वर-खाली होतं. त्यामुळे या गोद्यांना दरवाजे. भरतीच्या सुमारास दरवाजा उघडायचा, जहाज आत घ्यायचं, दरवाजा बंद करून पाणी आत अडवून ठेवायचं. आता जहाज थेट भिंतीला लागणार, माल थेट भिंतीवर उतरणार. व्यापाऱ्यांच्या दृष्टीने मोठी सोय. पण दगडी दरवाजातून अनेक टनांचं जहाज आत घालायचं म्हणजे दोन्ही काठांवर दोर धरणारी माणसं, जहाजावर कॅप्स्टन फिरवणारी माणसं, होडीतून दोर काठाला नेणारी माणसं. वाफेचे टग आले तरी दोर माणसांच्याच हातात राहिले. हे खलाशी कोण होते? रत्नागिरी, कुलाब्याकडचे कितीतरी. जहाज कुणी बांधलं हे आपल्याला माहीत आहे. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आले, पुढे पिढ्यानपिढ्या त्यांच्या घराण्याने जहाजं बांधली, ती नावं पक्की आहेत. जहाज कुणी चालवलं तेही कळतं, कप्तानाचं नाव असतं. जहाज कुणी धरलं, हे मात्र तुम्हाला क्वचित सापडेल. माझ्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण याच रिकाम्या जागेभोवती फिरतं.

आता वडिलांकडे परत येते, कारण पुढचा मुद्दा त्यांच्या विहिरीवरचा आहे.

मी नववीत असताना विहिरीत मोटर सोडायची होती. मोटर आणि पाइप मिळून शंभरेक किलो. आमच्याकडे पद्धत अशी की दोराला काठावरच्या बाभळीच्या बुंध्याभोवती दीड-दोन वेढे द्यायचे, एकाने दोराचं मोकळं टोक धरून हळूहळू सैल सोडायचं. एक माणूस आरामात मोटर उतरवतो. त्या दिवशी मोटर जवळजवळ खाली पोचली, आणि "झालंच आता" म्हणून काकांनी वेढे काढून दोर नुसता हातात घेतला. पुढे काय झालं ते मला आवाजासकट आठवतं. दोर हातातून सुटला नाही, हातातून धावला. तळहाताची साल गेली. मोटर तळाशी आदळली ते वेगळंच. काकांना महिनाभर घास दुसऱ्याने भरवावा लागला.

बाभळीने काय केलं होतं याचं सूत्र लिओनार्ड ऑयलरने अठराव्या शतकात मांडलं. खुंटाभोवती दोर गुंडाळला की घर्षण नुसतं वाढत नाही, प्रत्येक वेढ्यागणिक गुणाकाराने वाढतं. घर्षणाचा गुणांक ०.२५ धरला तर एका वेढ्याला जवळजवळ पाचपट, दोन वेढ्यांना तेवीसपट. २० नॉटच्या वाऱ्यातले ते १८० किलो आठवतात? दोन वेढ्यांनंतर हातात उरतात आठ किलो. शंभर किलोची मोटर एका वेढ्याला वीस किलो होते, आणि वेढा नसेल तर शंभरच राहते.

म्हणजे धक्क्यावरचा लोखंडी खुंट हा नौका 'बांधायला' नसतो. तो आधी ब्रेक असतो. दोर त्याच्याभोवती सरकवत, थोडा थोडा सोडत, नौकेची ऊर्जा उष्णतेत घालवायची. बांधणं नंतर. खलाश्यांना हे ऑयलरच्या आधीपासून येत होतं, आमच्या आजोबांना ऑयलर न वाचता येत होतं. सूत्रामुळे एवढंच झालं की माझ्यासारखीला ते बाभळीजवळ उभं न राहता कळलं.

हे प्रत्यक्ष पाहायचं असेल तर भाऊच्या धक्क्यावर जा. रेवस नाहीतर मोऱ्याहून येणारी लाँच धक्क्याला लागताना प्रवासी मोबाइलमध्ये बघत असतात. तुम्ही खलाश्याकडे बघा. मी तिथं एक अख्खी दुपार घालवली. लाँच हळू येते, खलाशी दोराचा फास खुंटावर टाकतो, आणि तांडेल इंजिन बंद करत नाही. उलट किंचित पुढे रेटतो. पहिल्यांदा मला वाटलं, अरे, बांधलेली लाँच पुढे का पळवतोय? मग लक्षात आलं. दोर मागच्या खुंटाला आहे, लाँच पुढे जाऊ बघते, दोर ताणला जातो, आणि पुढे जाता येत नाही म्हणून ती धक्क्याला चिकटते. लोक उतरेपर्यंत ती अशीच चिकटून राहते. लाटेने वर-खाली होते पण फट पडत नाही.

एकट्या माणसाला मोठी नौका अडचणीच्या जागेत लावता येते ती याच एका दोरावर. हा दोर नौकेच्या मधोमधच्या क्लीटपासून निघून मागच्या बाजूच्या खुंटाला जातो. इंजिन मंद पुढे. नुसतं एवढंच केलं तर नौकेचं तोंड धक्क्यात घुसायला बघतं, म्हणून सुकाणूचं चाक धक्क्यापासून बाहेरच्या बाजूला वळवून ठेवायचं. पंख्याने मागे फेकलेलं पाणी सुकाणूवर आदळतं आणि नौकेची मागची बाजू धक्क्याकडे ढकलतं. तोंडाचं आत येणं आणि शेपटीचं आत येणं यांचा तोल साधला की २३ टन एका दोरावर, कुणी न धरता, धक्क्याला समांतर उभे राहतात. मग पुढचे-मागचे दोर सावकाश बांधा, चहा करून प्या आणि बांधा, काही फरक पडत नाही.

आणि बघा, मघाचा पेच इथं कसा सुटतो. नौका जागची हललेली नाही, वेग शून्य, तरी सुकाणूवरून पाणी वाहतंय, कारण ते पंख्याने वाहतं केलंय. शिडाच्या जहाजाला ही सोय नव्हती. त्याच्यासाठी हे काम चाळीस वल्ह्यांची गलबतं करायची.

'म्हादेई'कडे इंजिन होतं. गोष्ट थोडी मागून सांगते. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर साताऱ्यात फलटणजवळ विंचुर्णीला राहत. (समुद्र त्यांनाही दिसत नव्हता. मला हे फार आवडतं.) भारतीय माणसाने एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी ही कल्पना त्यांची. कमांडर दिलीप दोंदे पुढे आले. नौका बांधली गोव्यात दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकरांच्या ॲक्वेरियस शिपयार्डमध्ये. १९ ऑगस्ट २००९ ला दोंदे मुंबईहून निघाले, फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली आणि केप टाउन अशा चार ठिकाणी थांबून मे २०१० मध्ये परत मुंबईत आले. असं करणारे ते पहिले भारतीय.

चार थांबे म्हणजे चार वेळा आत येणं, चार वेळा बाहेर पडणं. पोर्ट स्टॅन्ली हे जवळपास ५२ अंश दक्षिणेला, फॉकलंड बेटांवर, वाऱ्यासाठीच प्रसिद्ध. केप टाउनला उन्हाळ्यात आग्नेयेचा वारा टेबल माउंटनवरून असा खाली कोसळतो की त्याला तिथं 'केप डॉक्टर' असं नावच आहे. महासागरात एकट्या माणसाला मदत करणाऱ्या गोष्टी असतात, ऑटोपायलट असतो, जागा असते, चूक सुधारायला वेळ असतो. बंदरात ५६ फुटी नौकेचं चाक मागे, पुढचा दोर कितीतरी पावलं लांब, आणि दोन्हीकडे एकाच वेळी जायला माणूस एक.

इथं सरांशी माझा वाद आहे. सर म्हणतात, 'एकट्याने प्रदक्षिणा' ही व्याख्या दोन बंदरांच्या मधल्या पाण्याची आहे. धक्क्यावर कुणी दोर झेलला तर प्रवासाचं एकटेपण कमी होत नाही, म्हणून हा भाग इतिहासात नगण्य. व्याख्येबद्दल त्यांचं बरोबर आहे. पण नगण्य? जी गोष्ट दोन हजार वर्षं चाळीस-पन्नास माणसांशिवाय होत नव्हती, तीच एक माणूस करायला लागतो तेव्हा ती माणसं कुठं गेली हे विचारायला नको का? माझं उत्तर असं की ती इंजिनात, पंख्यात आणि मधल्या दोराच्या जागेत गेली. त्यांचं काम अजून होतंच आहे, फक्त ती दिसत नाहीत.

याला एक उलटा दाखलाही आहे, आणि तो मुंबईचाच निघतो. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा ब्रिटिश व्यापारी जहाजांवरचा अधिकारी. त्याने १९६० च्या दशकात मुंबईत सागवानाची ३२ फुटी नौका बांधून घेतली, 'सुहेली'. १४ जून १९६८ ला तो इंग्लंडमधल्या फाल्मथहून निघाला, ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ ला, कुठेही न थांबता तिथंच परतला. एकट्याने न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारा जगातला पहिला माणूस. वाटेत न्यूझीलंडला ओटागोजवळ बातमीदाराची वाट बघताना त्याची नौका वाळूत रुतली. कुणाची मदत घेतली तर स्पर्धेतून बाद. त्याने नांगर टाकला, भरतीची वाट पाहिली आणि नौका स्वतःच सोडवली. नांगर, दोर आणि भरती. भडोचच्या कोळ्यांनी हे पाहिलं असतं तर त्यांना काही समजावून सांगावं लागलं नसतं. याच नॉक्स-जॉन्स्टनच्या हाताखाली दोंदे २००६ मध्ये शिकायला गेले होते.

पुढे 'म्हादेई'तूनच अभिलाष टॉमी १ नोव्हेंबर २०१२ ला मुंबईहून निघाले आणि ३१ मार्च २०१३ ला परतले, तेही वाटेत एकाही बंदराला न लागता. काही जण म्हणतात थांब्यांशिवायची फेरी जास्त अवघड. समुद्राच्या बाजूने बघितलं तर हो. धक्क्याच्या बाजूने बघितलं तर दोंदेंचा हिशेब जास्त भरतो! आणि आता २०२४-२५ मध्ये 'तारिणी' या तशाच नौकेतून दिलना के. आणि रूपा ए. या नौदलाच्या दोन अधिकारी त्याच चार बंदरांवरून फेरी करून आल्या. दोघी असल्या की एकीने चाक सांभाळायचं, एकीने दोर. एका माणसाने किती फरक पडतो हे ज्याने कधी एकट्याने विहिरीत मोटर सोडली आहे त्याला विचारा.

मी स्वतः नौका चालवत नाही. तीनदा बसले, दोनदा उलटी झाली. पण एकदा एका लहान शिडाच्या नौकेवर मला तो मधला दोर लावायला दिला होता. शिकवणाऱ्याने आधीच बजावलं होतं: नौका आणि धक्क्याच्या मध्ये हात घालायचा नाही, पाय घालायचा नाही, ती आदळत असेल तर आदळू दे, रंग परत लावता येतो. आणि उडी मारायची नाही. मला उडी मारावी लागेल या भीतीनेच घाम फुटला होता.

दिवाळीनंतर गावी गेले तेव्हा वडिलांना त्यांच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. नौका आतल्या बाजूने फुगीर असते, धक्का सरळ. दोन्ही जवळ आले की सगळ्यात आधी जवळ येतो तो नौकेचा मधला भाग. पुढचं टोक लांब, मागचं टोक लांब, पण मध्यावर फट वीतभर. एकटा माणूस निघण्याआधीच दोर तिथं तयार ठेवतो, एक टोक क्लीटला बांधलेलं, दुसरं कठड्यावरून बाहेर काढून हातात येईल असं. नौका जवळजवळ थांबली की तो चाक सोडून मध्यावर चालत येतो, दोर घेऊन एक पाऊल टाकतो, उडी नाही, पाऊल, आणि खुंटाला दोन वेढे देतो.

"दोनच?" वडील म्हणाले.

"दोन पुरतात."

काका तिथंच बसले होते. त्यांनी काही न बोलता तळहात पुढे केला.